सेजमॅथमधले न दिसणारे आलेख : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पदवीच्या पहिल्या वर्षाला कलनशास्त्र शिकवताना फळ्यावरचे माझे आलेख नेहमीच वाकडे येतात, म्हणून गेले आठ महिने मी ज्युपिटर नोटबुकमधून (आज्ञा आणि त्यांची उत्तरे एकाच पानावर दाखवणाऱ्या साधनातून) ब्राउझरवर सेजमॅथ हे गणिताचे सॉफ्टवेअर वापरत आहे. ते मुक्त आणि विनाशुल्क आहे, पायथन या संगणकभाषेवर बेतलेले आहे आणि २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी त्याची सुरुवात केली. विंडोजवर ते डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीतून) बसवण्यात माझी एक संध्याकाळ गेली. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी सेजमॅथसेल हे संकेतस्थळ उघडून थेट आज्ञा लिहाव्यात.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. ज्याच्या घातांकाची किंमत दरवेळी बदलते असे पाच आलेख काढण्यासाठी मी 'फॉर'चे आवर्तन (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) लिहिले, सेल म्हणजे नोटबुकमधला आज्ञांचा चौकोन चालवला, कोणतीही चूक दाखवली गेली नाही आणि आलेखही दिसला नाही. कारण साधे होते : सेलमधील शेवटची ओळ स्वतः आलेख असेल तरच तो आपोआप उमटतो, आवर्तनाच्या आत किंवा नाव देऊन साठवलेला आलेख तयार झालेला असतो, पण 'शो' म्हटल्याशिवाय समोर येत नाही. पाचही आलेख एकाच चौकटीत हवे असतील तर त्यांची चक्क बेरीज करायची, ही सोय मला फार आवडली.

दुसरा प्रसंग अधिक बोधक होता. क्षच्या घनमुळाचा आलेख काढला, तर य-अक्षाच्या डावीकडची बाजू कोरी! मी आधी ब्राउझरला दोष दिला, पान दोनदा नव्याने उघडले. वस्तुतः उणे १ चे घनमूळ आपण उणे १ धरतो, पण १/३ हा घात दिला की सेजमॅथ मुख्य मूळ घेते आणि ते संमिश्र असते. संमिश्र किंमत कागदावर मांडणार कुठे? 'रिअल एन्थ रूट' हे फल वापरताच डावी बाजू उमटली. आता हे उदाहरण मी मुद्दाम वर्गात बिघडवून दाखवतो आणि उजवीकडची अर्धी रेघ पाहून मुलेच कारण शोधू लागतात.

स्पर्शिका गुणोत्तराचा, म्हणजे टॅनचा, आलेख असाच फसवतो. फल अनंताकडे जाते तिथे य-अक्ष इतका ताणला जातो की बाकीची वक्ररेषा आडव्या रेघेसारखी भासते, आणि दोन शाखा उभ्या रेघेने जोडल्या जातात ते वेगळेच. य-अक्षाच्या मर्यादा उणे ५ ते ५ ठेवून 'डिटेक्ट पोल्स' हा पर्याय चालू केला की चित्र पाठ्यपुस्तकासारखे दिसते.

त्रिमितीय आलेखांसाठी थ्री जेएस हा चित्रदर्शक वापरला जातो आणि त्याला ब्राउझरमध्ये वेबजीएल, म्हणजे त्रिमितीय चित्रे रेखाटण्याची सोय, लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरचे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्रांचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारा पर्याय) मीच कधीतरी बंद केले होते, त्यामुळे चौकट रिकामी येई. ते चालू करणे जमत नसेल तर 'टॅकियॉन' हा दर्शक निवडावा. पृष्ठभाग माऊसने फिरवता येत नाही, पण स्थिर चित्र नक्की मिळते.

एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे. अक्षांना मराठी नावे दिली की अक्षरांऐवजी चौकोन येतात, कारण मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. फाँट बदलून पाहिला, तेव्हा 'किंमत' या शब्दातली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसली. तेव्हापासून मी अक्षांवर केवळ चिन्हे ठेवतो आणि मराठी मजकूर आलेखाखालच्या वेगळ्या सेलमध्ये लिहितो.