‘ओपिस’: आयव्हीएफच्या शक्यतेचा मोफत कॅल्क्युलेटर कोकणातल्या जोडप्याला किती लागू पडतो

आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावला जायचं, की सरळ मुंबई? हे ठरायच्या आधीच मोबाइलवर ‘आयव्हीएफ यश किती टक्के’ शोधून झालेलं असतं. त्या शोधात सापडणारं एक चांगलं साधन म्हणजे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाचा ‘ओपिस’. फुकट आहे, इंग्रजीत आहे आणि कोणत्याही दवाखान्याकडे ओढत नाही.

त्यामागचं मॉडेल 2016 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. 1999 ते 2008 या काळात ब्रिटनमध्ये उपचार घेतलेल्या 1,13,873 स्त्रियांच्या नोंदींवर ते बेतलेलं आहे. एका एग पिकअपमधून (अंडाशयातून बीजं काढण्यातून) मिळालेले ताजे आणि गोठवलेले सगळे गर्भ वापरले की एक पूर्ण सायकल, अशा सहा सायकलपर्यंत जिवंत बाळ जन्मण्याची एकत्रित शक्यता ते सांगतं. ओपिसचं मोल इथेच आहे. जाहिरातीतले टक्के पुष्कळदा एका ट्रान्सफरमागे (गर्भ गर्भाशयात सोडण्यामागे) बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आल्याचे असतात. पुढे गर्भ पडला तरी तिथे ते यशच.

आता रकाने भरताना कुठे चुकतं ते पाहा. ‘किती वर्षं प्रयत्न’ इथे आपल्याकडे लग्नाची वर्षं टाकतात. नवरा मुंबईत नोकरीला किंवा बोटीवर, घरी येणार गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मग लग्नाला सहा वर्षं झाली तरी एकत्र राहणं जेमतेम वर्षभराचं. इथे सहा टाकलं तर शक्यता विनाकारण कमी दिसते. प्रत्यक्ष एकत्र राहिलेला काळच धरा.

दुसरी अडचण ‘ट्यूबचा (गर्भनलिकेचा) दोष’ या पर्यायाची. भारतात ट्यूब बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. तो ट्यूबवर थांबत नाही. गर्भाशयाचं अस्तरही खराब करतो, आणि मग चांगला गर्भही रुजत नाही. ब्रिटनमधल्या नोंदींत असं कारण क्वचितच असणार, त्यामुळे ओपिसचा आकडा अशा बाईला फसवा ठरतो. ट्यूबमध्ये पाणी साठलेलं असेल (हायड्रोसाल्पिंक्स) तर ट्रान्सफरआधी ती ट्यूब काढणं किंवा क्लिप लावणं गरजेचं असतं, नाहीतर यश निम्म्यावर येऊ शकतं. तेव्हा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द आहे का, आधी बघा.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे 2016 च्या मॉडेलमध्ये वंश, वजन आणि एएमएच (अंडाशयातला बीजसाठा दाखवणारी रक्ततपासणी) धरलेलेच नाहीत. वंशाने फरक पडतो, हे ब्रिटनच्याच एचएफईए या नियामक संस्थेने 2021 साली मांडलं: 30 ते 34 वयोगटात बसवलेल्या दर गर्भामागे जन्माचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांत 30 टक्के, कृष्णवर्णीय स्त्रियांत 23 टक्के. याचा दोष नुसता शरीराला देणं अन्यायाचं आहे. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आणि ट्यूबचे विकार कृष्णवर्णीय स्त्रियांत जास्त, शिवाय त्या उपचारापर्यंत पोहोचतातच उशिरा. उशिराचं दुखणं आपल्याकडेही आहे: बाईच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालतात आणि पुरुषाच्या वीर्यतपासणीची पाळी शेवटी येते. 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता करायची ती साधी तपासणी आहे. चाकरमान्याने मुंबईतच करून घ्यावी.

2014 साली स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना झाली. त्यात भारतीय स्त्रियांचा बीजसाठा सुमारे सहा वर्षं आधी आटत असल्याचं दिसलं. पण म्हणून वयाच्या रकान्यात 32 च्या जागी 38 टाकू नका. साठा कमी म्हणजे बीजं कमी मिळतात; बीजाचा दर्जा मुख्यतः खऱ्या वयावरच ठरतो. रिपोर्ट वाचताना एएमएचचं एककही पाहा, 1 नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे 7.14 पिकोमोल प्रति लिटर. वजनाची मर्यादाही आपली वेगळी: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 25 नव्हे, 23 च्या पुढे जास्त धरतात.

म्हणून आमचं मत असं: ओपिसचा उपचाराआधी भरायचा भाग फक्त ‘एका सायकलवर थांबायचं की तीन सायकलचे पैसे उभे करायचे’ या विचारापुरता वापरा. पहिल्या सायकलनंतर भरायचा दुसरा भाग आपल्या जास्त कामाचा, कारण तो किती बीजं मिळाली हे विचारतो, आणि कमी बीजसाठ्याचा परिणाम त्यात आपोआप उतरतो. त्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून मागा: मिळालेली बीजं, ट्रान्सफर केलेल्या गर्भांची संख्या आणि दिवस (गर्भाच्या वाढीचा तिसरा की पाचवा), आणि गोठवलेले गर्भ. दवाखाना बदलला तरी हा कागद सोबत हवाच.