नागपुरात बर्डीच्या फूटपाथवरून घेतलेली जुनी डिक्शनरी, 180 रुपये, वर्थ आहे का?

मागच्या रविवारी बर्डीवर पोरीसाठी गाईड शोधून राहिलो होतो, ते तर मिळालं नाही पण ही जाडजूड इंग्रजी डिक्शनरी मिळाली, शब्द कुठून आला ते पण दिलेली. 250 सांगितले, 180 ला दिली.

आधी वाईट सांगतो. अक्षर मुंगीएवढं, आणि कुलरसमोर उघडली तर दोन पानं उडून थेट टबात. बाइंडिंग गेल्यातच जमा आहे, महाल भागात नेऊन परत शिवून घ्यावी लागेल, म्हणजे तो खर्च वेगळा.

पण पैसे वसूल झाले ते एका शब्दात, डूलाली. अर्थ, डोकं फिरलेला, येडा. इंग्लंडमध्ये अमका डूलाली झाला असं आजही म्हणतात म्हणे, आणि हा शब्द आला कुठून तर आपल्या देवळालीवरून! नाशिकजवळची हो, जिथं आता तोफखान्याची शाळा आहे. (डिक्शनरीत मुंबईजवळचं गाव लिहिलंय, नाशिकवाल्यांनी बघून घ्यावं.) 1861 पासून तिथं इंग्रजांचा कॅम्प होता, नोकरी संपलेले गोरे सोल्जर घरी जायच्या जहाजाची वाट बघत तिथं पडून राहायचे. आणि जहाजं सुटायची फक्त हिवाळ्यात, म्हणजे ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्यानं अख्खा उन्हाळा अन् पावसाळा तिथंच काढायचा, काम नाही धंदा नाही, नुसतं ऊन, दारू आणि मलेरिया. डोकं फिरणारच ना. त्याला ते म्हणायचे डूलाली टॅप, आणि हा टॅप म्हणजे नळ नाही बरं का, आपला ताप! पुढं ताप गळून पडला, डूलाली राहिला.

आपल्या कामठीत पण 1821 पासून छावणी होती. मे महिन्यातल्या 45 डिग्रीत तिथं बसवलं असतं तर शब्द कामठीवरून पडला असता, असं मला तरी वाटते.

मुंगूस पण सापडलं, इंग्रजीत मंगूस झालेलं, मराठीतूनच गेलेलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला कारण घरी येऊन पाहतो तर झेडची पानंच नाहीत. परत गेलो तर दुकानवाला म्हणते, "झेडचं काम कधी पडते भाऊ तुमाले?"