व्हीटेकचा धक्का की व्हॅनोसची ओढ? होंडा एस२००० आणि बीएमडब्ल्यू झेड४ एम

व्हॉल्व्हच्या उघडझापीचं टायमिंग बदलणारं इंजिन आज साध्या हॅचबॅकमध्येही असतं आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. पण ते जाणवावं, ऐकू यावं म्हणूनच गाडी घ्यायची असेल, तर जुन्या गाड्यांकडे वळावं लागतं. भारतात तो मार्ग जवळपास बंदच आहे, कारण तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांना मात्र होंडा एस२००० आणि बीएमडब्ल्यू झेड४ एम या दोन्ही रोडस्टर (उघड्या छताच्या दोन सीटच्या गाड्या) उजव्या स्टिअरिंगच्या मिळतात, तेव्हा पुढचा हिशेब त्यांच्यासाठी.

दोघींचं तंत्र मुळातच वेगळं आहे. होंडाचं व्हीटेक म्हणजे एफ२०सी इंजिनात एकाच कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) दोन तऱ्हेचे कॅम, म्हणजे उंचवटे. खालच्या आरपीएमला लहान कॅम काम करतो. सहा हजारांच्या आसपास तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्हमधले तरफेसारखे दांडे) एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या कॅमच्या तालावर जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. अधलीमधली पायरी नाही. बीएमडब्ल्यूच्या एस५४ इंजिनात कॅमचा आकार कायम तोच. बीएमडब्ल्यूची यंत्रणा व्हॅनोस दोन्ही कॅमशाफ्टचा कोन सतत, थोडाथोडा बदलत राहतं.

एस२०००चं इंजिन १,९९७ सीसीचं, २४० पीएस (अश्वशक्ती), तीही ८,३०० आरपीएमला. २०८ न्यूटन-मीटरचा टॉर्क पूर्ण मिळायला ७,५०० गाठावे लागतात. चार हजारांवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी जाते, पण अंगावर काटा वगैरे येत नाही. आवाजही एखाद्या घरगुती सेदानचा. मग आरपीएमचा काटा सहा हजार ओलांडतो आणि आवाजाचा पोत एका क्षणात बदलतो. घरघर जाते, हवा ओढण्याचा कोरडा, धातूसारखा आवाज चढतो आणि ९,००० च्या रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल मर्यादेपर्यंत) चढतच राहतो. पाठीला बसणारा धक्का मात्र इंटरनेटवरच्या दंतकथांइतका जबर नाही. अर्धा अधिक धक्का कानाला बसतो, आणि तो बसतो कारण त्याआधी खाली सगळं मिळमिळीत होतं. पुण्या-मुंबईत ज्यांनी पहिल्या पिढीतली होंडा सिटी व्हीटेक पिळली आहे, त्यांना या गोष्टीची पुसट चव माहीत आहे.

ही मजा रोजच्या रस्त्यावर किती वाट्याला येते? दुसऱ्या गिअरमध्ये सहा ते नऊ हजार आरपीएम म्हणजे ताशी साधारण ४५ ते ६८ मैल. इंग्लंडच्या गावाकडच्या रस्त्यांवर मर्यादा ६० मैलांची, त्यामुळे मोकळ्या वळणांवर कायदा न मोडताही बरंच काही ऐकता येतं. लंडनच्या ट्रॅफिकमध्ये महिनोन्महिने काटा तिथवर जाणार नाही. आणि मोटरवेवर सहाव्या गिअरला ७० मैलांवर इंजिन साडेतीन हजारांवर गुणगुणत बसतं.

झेड४ एमला वाट पाहावी लागत नाही. सहा सिलिंडर, ३,२४६ सीसी, ७,९०० आरपीएमला ३४३ पीएस, आणि ३६५ न्यूटन-मीटर ४,९०० लाच हजर. गिअर न उतरवता ओव्हरटेक होतो. ओढ तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंत सलग वाढते आणि त्यात व्हॅनोसने कुठे काय केलं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आवाज भरदार आहे, पण त्याचं बरंचसं श्रेय प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र थ्रॉटलला (हवेच्या झडपेला) जातं. वरच्या टोकाला सायलेन्सरमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर येते. काहीजण तिच्यावरच फिदा असतात, काहींचं डोकं उठतं. घेण्याआधी ऐकाच.

लोटस एलिस १११आरचंही नाव निघेल. टोयोटाचं १.८ लिटर इंजिन, कॅम बदलतो ६,२०० च्या आसपास, आणि इंजिन पाठीमागेच असल्याने तो बदल थेट मानेपाशी ऐकू येतो. एकटीच गाडी म्हणून ती घ्यायला मी सांगणार नाही.

रोज ऑफिसला न्यायची असेल तर झेड४ एम, यात मला शंका नाही. पण बदलणारे व्हॉल्व्ह ऐकायचे म्हणूनच पैसे मोजणार असाल तर एस२०००. वेगात ती मागे पडेल, पडू दे.

झेड४ एम बघताना कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं काम कधी झालं, व्हॅनोस खडखडतं का, आणि १०डब्ल्यू-६० तेलच वापरलं आहे का, हे कागदपत्रांत तपासा. एस२०००मध्ये सुरुवातीच्या गाड्या तेल पितात, म्हणून तेल मोजायची डिपस्टिक स्वतः काढून बघा. चक्कर मारताना इंजिन नीट तापू द्या. थंड असताना व्हीटेक लागतच नाही, आणि घाईतला विक्रेता तुम्हाला नेमकं तसंच परत पाठवेल.