फोटोशॉपचं भाडं भरायचं, की क्रितावर भागवायचं?

भाची यंदा उपयोजित कलेची पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, कॉलेज संपलं, अॅडोबीच्या फोटोशॉपवरची विद्यार्थी सवलतही गेली. आता पूर्ण पैसे भरू, का ते फुकटवालं क्रिता घेऊ?"

मी विचारलं, "वर्षातले किती महिने तुझ्या हातात काम असेल?" ती गप्प.

कॉलेजात सॉफ्टवेअरची तुलना ब्रश कुणाचे चांगले आणि कुठलं झटपट, यावर होते. ज्याचं पोट चित्रांवर आहे त्याने ती जमाखर्चाच्या वहीवरून करावी. माझी वही अशी: जूनच्या शेवटापासून दिवाळी अंकांची रेखाचित्रं, ऑगस्ट-सप्टेंबरात मुखपृष्ठं, ऑक्टोबरात सगळं संपलेलं. पैसे डिसेंबरात येतात, कधी होळीला. जानेवारीनंतर शाळांच्या स्वाध्यायपुस्तिका. गेल्या वर्षी बारापैकी पाच महिन्यांच्या पानांवर एकही आकडा नाही. सॉफ्टवेअरचं भाडं मात्र बाराही महिने.

आधी अॅडोबी, कारण सगळ्यांची तुलना त्याच्याशीच होते

२०१२ चं सीएस६ मालिकेतलं फोटोशॉप ६९९ डॉलरला एकदा घेतलं की तुमचं होतं. २०१३ पासून अॅडोबीने नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतले भाव धरून हिशेब सांगते. भारतात ते रुपयांत वेगळे लागतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल, तर तो कर वळता करून घेता येत नाही, खिशातूनच जातो. हिशेबाची जातकुळी मात्र तीच राहते.

एकट्या फोटोशॉपच्या दोन पट्ट्या आहेत. वर्षाचा करार करून महिन्याला भरलं तर २२.९९ डॉलर. करार न करता सुटा महिना घेतला तर ३४.४९. सगळे वर्षाचा करार घेतात, कारण आकडा लहान दिसतो. आता कागद घ्या. वर्षाचे झाले २७५.८८ डॉलर. सुट्या आठ महिन्यांचे होतात २७५.९२. म्हणजे वर्षात आठ महिन्यांपेक्षा कमी लागणार असेल, तर महागडा दिसणारा सुटा महिनाच स्वस्त. तीन महिन्यांत काम उरकत असेल तर १०३ डॉलर आणि सुट्टी.

वर्षाचा करार मध्येच मोडला तर? पहिल्या १४ दिवसांत पूर्ण पैसे परत. त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा निम्मा भाग दंड म्हणून. चार महिने वापरून सोडलंत तर तोवरचे ९१.९६ आणि दंडाचे तेवढेच, मिळून १८३.९२. तेच चार महिने सुटे घेतले असते तर १३७.९६. हा दंड ग्राहकाला नीट दिसत नाही, या आरोपावरून अमेरिकन सरकारने फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये अॅडोबीवर खटला भरला. तेव्हा बटण दाबण्याआधी 'वार्षिक, मासिक हप्ता' हे शब्द दोनदा वाचा.

या पैशांत मिळतं काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दुसऱ्या स्टुडिओबरोबर काम करायचं असेल, जाहिरात एजन्सीकडून थर लावलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, येत असेल आणि तीच फाइल परत पाठवायची असेल, तर फोटोशॉपला पर्याय नाही. दुसरी सॉफ्टवेअर पीएसडी उघडतात, पण मजकुराचे थर, स्मार्ट ऑब्जेक्ट, अॅडजस्टमेंट यांपैकी काहीतरी मोडून येतं. दोनशे पानांचं पुस्तक लावायचं असेल तर अॅडोबीचंच इनडिझाइन. फक्त परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि दोष फॉण्टला दिला जातो.

फुकट ते पौष्टिक?

क्रिताची सुरुवात १९९९ मधली, मूळ केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातली. मुक्त परवाना, संकेतस्थळावरून उतरवायला एक पैसा नाही. चित्र *काढायला*, म्हणजे शाईची रेघ, जलरंगाचा ओघळ, कोरडा ब्रश, यासाठी मला ते फोटोशॉपपेक्षा आवडतं. हे मी पैसे वाचतात म्हणून म्हणत नाही. रेघ स्थिर करण्याची सोय, उजव्या क्लिकवर गोल फिरणारी रंगांची आणि ब्रशांची थाळी, आणि कॅनव्हास कागदासारखा फिरवता येणं. हात बसायला मला दोन आठवडे लागले. फोटो दुरुस्त करायला मात्र ते नाही. त्यासाठी गिम्प आहे, १९९६ पासूनचं, ज्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि एकदा लावलेला फिल्टर नंतर बदलण्याची सोय अखेर मिळाली. गिम्पवर माझा जीव कधी जडला नाही. काम करतं, एवढंच.

खरी कसोटी छापखान्याच्या दारात. २०१६ साली एका बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर मी झेंडूची रास काढली होती. पडद्यावर केशरी अशी पेटलेली की बघत राहावं. छापून आली ती विटकरी. चूक सर्वस्वी माझी होती: आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, रंगवलं, आरजीबीतच पाठवलं, प्रूफही मागितलं नाही. सॉफ्टवेअर तेव्हा महागातलं होतं, त्याने काही वाचवलं नाही. म्हणून 'स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये रंग नीट छापत नाहीत' हे ऐकलं की मला हसू येतं. क्रितात सॉफ्ट-प्रूफ आहे, छपाईत रंग कसा मरेल ते रंगवतानाच दिसतं. शेवटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बदलून टिफ ही चित्राची फाइल काढता येते. पीडीएफ मात्र काढता येत नाही, ही खरी अडचण.

तिथे पानं लावायचं स्क्रायबस कामाला येतं. तेही फुकट. क्रिताची टिफ त्यात ठेवायची, तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर जादा चित्र, द्यायचं, मजकूर लावायचा, पीडीएफ-एक्स, म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ, काढून छापखान्याला पाठवायची. त्याचा पडदा बघून वाटतं की कुणीतरी वीस वर्षांपूर्वी फॉर्म भरायला दिलाय. पण १.६ ही आवृत्ती देवनागरी नीट जुळवते, आणि निघालेली फाइल प्लेट काढणाऱ्याला चालते. त्याला तुमचा पडदा दिसत नाही.

'कुऱ्हाड' लिहून बघा

मराठी चित्रकाराला सॉफ्टवेअर निवडताना परदेशी आढाव्यांत कधीच न सापडणारी एक अट असते. चित्राबरोबर अक्षर येतं. मुखपृष्ठावर नाव, व्यंगचित्रात फुगा, लग्नपत्रिकेत तर अक्षरच सगळं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मी एक ओळ टाइप करते: 'त्र्यंबकच्या दऱ्याखोऱ्यांत लक्ष्मीची कुऱ्हाड'. र-चा अर्धचंद्र मोडला, त्र्य सुटा झाला, की ते सॉफ्टवेअर मजकुरासाठी बाद.

इंकस्केप या ओळीत पास होतं. वेक्टरचं, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या रेघांचं, मुक्त सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं. गिम्पही पास. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू यांसारखे फॉण्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात निर्धास्त वापरता येतात. म्हणजे अक्षराचा खर्चही शून्यावर येतो.

अडकते ती अफिनिटी, आणि इथेच मला हळहळ वाटते. तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली, एकदा पैसे भरा आणि वापरा या तत्त्वावर. भाड्याला कंटाळलेल्यांनी उचलून धरली. मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने तिची कंपनी विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फोटो, वेक्टर आणि पानं लावणं ही तिन्ही कामं एका अॅपमध्ये घालून ते फुकट देऊन टाकलं. कॅनव्हाचं खातं लागतं. पैसे फक्त एआयची साधनं हवी असतील तर. सीएमवायके आहे, पीडीएफ-एक्स आहे, फोटोशॉप आणि अॅडोबीचंच वेक्टरवालं इलस्ट्रेटर या दोघांच्या जवळ जाणारं काम होतं. पण दुसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जोडाक्षरं तिला जुळत नव्हती. नवं अॅप उतरवलंत की सर्वात आधी कुऱ्हाड चालवा. मोडली तर वाट आहे: शीर्षक इंकस्केपमध्ये लिहा, पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकारांत, बदला, एसव्हीजी ही वेक्टर फाइल करून अफिनिटीत आणा. मुखपृष्ठाच्या चार शब्दांना हे चालतं. सोळा पानांच्या गोष्टीला नाही. तिसऱ्या पानावर लेखिका एक शब्द बदलते आणि सगळं पुन्हा.

दुसरी शंका मी बोलून दाखवते. आज फुकट आहे ते मालकाच्या मर्जीने. क्रिता आणि इंकस्केप फुकट आहेत ते परवान्यामुळे, उद्या कुणी दुकान बंद केलं तरी हातातली प्रत चालू राहते. मी अफिनिटी वापरावी म्हणेन, पण प्रत्येक कामाची पीडीएफ आणि सपाट टिफ वेगळ्या डिस्कवर ठेवून.

आयपॅड असेल तर, कॉमिक असेल तर

प्रोक्रिएट १२.९९ डॉलरला एकदा घ्यायचं. फोटोशॉपच्या एका महिन्याहून कमी. पण ते फक्त आयपॅडवर चालतं, आणि पेन्सिलसकट आयपॅडचा खर्च धरला तर 'स्वस्त' हा शब्द गिळावा लागतो. घरात आयपॅड आधीच असेल तर विचार करत बसू नका. ए३ आकार ३०० डीपीआयला, म्हणजे ३,५०८ बाय ४,९६१ पिक्सेलला, थरांची मर्यादा लागते हे लक्षात ठेवा; जुन्या आयपॅडवर ती लवकर लागते.

क्लिप स्टुडिओ पेंट जपानी. चौकटी, फुगे, शाई यात त्याचा हात कुणी धरत नाही. संगणकावर एकरकमी परवाना मिळतो, टॅब्लेट आणि फोनवर भाडंच. स्वस्त 'प्रो' मध्ये अनेक पानांचं पुस्तक एकत्र सांभाळता येत नाही आणि अॅनिमेशन २४ चौकटींवर थांबतं. ते हवं असेल तर महाग 'ईएक्स'. कॉमिक करत नसाल तर पुढे चला.

आणि कोरल

तालुक्याच्या गावात काम करणाऱ्यांना वरचं सगळं वाचून वाटलं असेल, बाई कुठल्या जगात राहते. तिथे प्रश्न एकच: "मॅडम, सीडीआर आहे का?" म्हणजे कोरलड्रॉची फाइल. फ्लेक्स, पत्रिका, स्क्रीन प्रिंटिंग, रेडियम कटिंग, सगळं कोरलड्रॉवर आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टांवर. ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला आहे आणि तो बदलणार नाही. इंकस्केप सीडीआर उघडतं, बऱ्यापैकी. सीडीआर सेव्ह करून देत नाही. पण मी गेली कित्येक वर्षं छापखान्याला कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, पीडीएफ देते. पहिल्यांदा ऑपरेटर नाक मुरडतो, मग कोरलमध्ये आयात करतो आणि काम होतं. फॉण्ट नाही म्हणून येणारा फोनही वाचतो. तुमचं निम्म्याहून जास्त काम एकाच फ्लेक्सवाल्याबरोबर रोज फाइल इकडून तिकडे करण्याचं असेल, तरच कोरलचा एकरकमी परवाना घ्या. एरवी चित्रकाराला त्याची गरज नाही.

क्रॅकबद्दल, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल, बोलायला नको असं सगळ्यांना वाटतं, म्हणून बोलते. आमची अख्खी पिढी सीडीवाल्याच्या फोटोशॉपवर शिकली, मीही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतं. धंद्यासाठी वापरत नसाल तर न्यायालय कैद टाळू शकतं. तुम्ही तर बिल फाडता. आणि आपलं चित्र कुणी न विचारता छापलं की आपणच सर्वात मोठ्याने ओरडतो.

भाचीने शेवटी वही केली. कामाचे अंदाजे महिने सात, त्यात थरांच्या पीएसडी मागणारा ग्राहक एकच, तोही सप्टेंबरात. लॅपटॉपवर क्रिता, इंकस्केप आणि स्क्रायबस उतरवलं. फोटोशॉप सप्टेंबरचा एक सुटा महिना. उरलेल्या पैशांतून मध्यम आकाराचा पेन टॅब्लेट घेतला, कारण जुन्याची निब घासून आडवी झाली होती. काल रात्री तिने फोटो पाठवला: कोऱ्या कॅनव्हासवर मोठ्या अक्षरांत 'कुऱ्हाड', आणि खाली, "मावशी, अफिनिटीत मोडली. इंकस्केपमधून आणते."