फिलिपिन्सचं नागरिकत्व, सोलापुरातला एजंट आणि आमच्या पुतणीचे कागद

माझी वहिनी फिलिपिन्सची, इलोइलोकडची. भाऊ कुवेतला नोकरीला असताना लग्न झालं, पोरगी मात्र सोलापुरात जन्मली आणि इथंच शाळेला जाते. तिची आईकडून तिकडच्या नागरिकत्वाची नोंद करायची होती, भाऊ अजून कुवेतलाच, मग पळापळ आली काकाच्या गळ्यात. पार्क चौकाच्या मागं एक डॉक्युमेंटवाले आहेत, आखातात जाणाऱ्या पोरांचं अटेस्टेशन, अपोस्टिल (म्हणजे आपले कागद परदेशात चालावेत म्हणून घ्यायचे सरकारी शिक्के) वगैरे करून देतात, त्यांच्याकडं काम दिलं.

सगळ्यात आवडलं काय, तर नको ते काम त्यांनी घेतलंच नाही. त्याआधी एका बाहेरगावच्या एजंटनं फोनवर मोठं पॅकेज सांगितलेलं, 'ड्युअल सिटिझनशिप, 9225 ची शपथ, सगळं आम्ही बघतो'. इथल्या मालकांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, पोरगी जन्मली तेव्हा आई कुठली नागरिक होती? म्हटलं फिलिपिन्सचीच, आजही आहे, इथं ओसीआयवर (परदेशी नागरिकाला भारतात राहायला मिळणारं कार्ड) राहते. मग म्हणाले शपथ कशाला? तो 2003 चा 9225 नंबरचा कायदा ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन फिलिपिन्सचं घालवलं त्यांना ते परत मिळवायला आहे. तुमची पोरगी 1987 च्या त्यांच्या संविधानाप्रमाणं जन्मापासूनच त्यांची नागरिक, आई किंवा वडील कुणीही एक फिलिपिनो असलं की झालं, फक्त दूतावासात रिपोर्ट ऑफ बर्थ, म्हणजे परदेशात झालेल्या जन्माची नोंद, करायचा. (17 जानेवारी 1973 च्या आधी जन्मलेल्यांचं आईकडून असेल तर नियम वेगळा आहे, त्यांनी नीट विचारून घ्या.) जन्माला वर्ष उलटलं की उशिराच्या नोंदणीचं ॲफिडेव्हिट लागतं, ते पण त्यांनीच टाईप करून नोटरी करून दिलं.

खरी गंमत नावात झाली. आपल्याकडं मधलं नाव बापाचं आणि फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव! त्यात जन्मदाखल्यावर वहिनीचं नाव सासरचं आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचं, म्हणजे कागदावर दोन बायका झाल्या की ओ. मालकांनी तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलनं एकेक स्पेलिंग ताडून बघितलं आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट आधी करून घेतलं, मगच बाकीचे कागद पुढं सरकवले. एवढी बारीक नजर मी मोठ्या ऑफिसात पण बघितली नाही.

भारताच्या बाजूचं पण स्पष्ट बोलले. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाहीच, 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 बघा, परदेशी पासपोर्ट हातात घेतला की भारतीय सरेंडर करायचा आणि मग ओसीआय काढायचं. ओसीआयवाल्याला मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. आमची मोहोळकडं थोडी शेती आहे म्हणून हे ऐकून भावानं फोनवरच सांगितलं, सध्या नोंद तेवढी करू, पासपोर्टचं पोरगी अठराची झाल्यावर तिचं तिनं ठरवावं. इथल्या मालकांचा धंदा बुडाला म्हणा त्यात, पासपोर्टचं काम गेलं, तरी माणूस हसत होता.

आता तक्रारी. काही विचारलं की व्हॉट्सॲपवर लांबलचक ऑडिओ पाठवतात, पाच कागदांची यादी पण ऑडिओत, दुचाकीवर असताना कोण ऐकणार ते, दोन ओळी लिहायला काय होतं. दुपारी शटर खाली असतं आणि फोन पण उचलत नाहीत, उन्हात जाऊन परत यावं लागतं. आणि पैसे, अपोस्टिलची सरकारी फी कागदामागं 50 रुपये आहे, वरचा सगळा एजंटचा आणि कुरिअरचा खर्च, तो पहिल्या दिवशीच लिहून घ्या, मागितल्यावर देतात, आपण होऊन देत नाहीत. पावती मात्र प्रत्येक वेळी मिळाली.

कागद दिल्लीच्या दूतावासात गेलेत, तिथून नोंद पुढं फिलिपिन्सला पीएसएकडं (जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारं तिकडचं सरकारी खातं) जाते आणि मग तिकडचा जन्मदाखला काढता येतो. त्याला एजंटचा हात लागत नाही, त्यामुळं उशिराचा दोष त्यांना देत नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या ऑडिओंसाठी कापला. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा आणि आईचा जुना पासपोर्ट असेल तर तो पण घेऊन जा, आमचं त्याच्यामुळंच लवकर जुळलं.