कृषी पत्रकारितेची परवडणारी पदवी : चौदा महिन्यांनंतर

प्रवेश घेतला तेव्हाच ठरवलं होतं, लगेच काही लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात कुठलाही अभ्यासक्रम सोन्यासारखा वाटतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तोच मातीमोल. आता चौदा महिने झालेत. दोन सत्रं पार पडली, तिसरं संपत आलंय. 'कृषी संवाद आणि पत्रकारिता' अशा लांबलचक नावाच्या पदवीसाठी आपण नक्की कशाचे पैसे भरतोय, हे आता मला बऱ्यापैकी कळलंय.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं मत तुम्हाला कितपत लागू पडेल याचा अंदाज येईल. घरी शेती नाही. आठ वर्षं मुद्रितशोधन केलं, त्यातली शेवटची तीन एका शेतीविषयक मासिकाची प्रुफं वाचण्यात गेली. ऱ्हस्व-दीर्घ मी झोपेतही पकडते. पण स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) हे शब्द बिनचूक लिहिणाऱ्या मला त्या दोघांत फरक काय, हे ठाऊक नव्हतं. पत्रकारितेची जुनी पदवी निम्म्यावर सुटलेली. नोकरी सोडणं शक्य नव्हतं आणि कर्ज काढायचं नव्हतं. थोडक्यात, मला स्वस्त, बरीचशी घरून करता येणारी आणि जुनं शिक्षण वाया न घालवणारी पदवी हवी होती.

या 'स्वस्त'च्या नादात पहिले दोन महिने मी भलतीकडेच फिरले. प्रत्येक ठिकाणचा क्रेडिटमागचा, म्हणजे अभ्यासाच्या एका एककामागचा, दर वहीत उतरवायचा आणि सगळ्यात लहान आकड्याला गोल करायचा, एवढंच चाललं होतं. एका संध्याकाळी सहज शेजारी दुसरा रकाना आखला : माझी जुनी क्रेडिट्स किती धरणार? पदवी १२० क्रेडिटची, माझ्या गाठीला ४२. ज्या ठिकाणाला मी गोल केला होता, ते त्यातली १५च धरणार होतं, म्हणजे १०५चे पैसे भरायचे. दर पाचव्या हिश्शाने जास्त असलेलं दुसरं ठिकाण ३६ धरत होतं, म्हणजे उरली ८४. गुणाकार केला तर दोन्हीकडचा एकूण आकडा जवळजवळ सारखाच. वर पहिल्या ठिकाणी २१ क्रेडिट्स जादा, म्हणजे जवळपास दीड सत्राचा वेळ अधिक. वेळेची किंमत कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

यातही एक मेख होती, ती मला भोवली. समुपदेशक फोनवर म्हणाल्या, "तुमची ३६च्या ३६ धरली जातील." धरलीही. पण त्यातली नऊ 'ऐच्छिक' या खात्यात गेली, आणि ऐच्छिकचा माझा कोटा आधीच भरत आलेला. म्हणजे कागदावर धरली, उपयोग शून्य. म्हणून प्रवेशाआधी विषयवार यादी लेखी मागा : अमुक जुना विषय तमुक नव्या विषयाच्या जागी. 'किती धरणार' विचारू नका, 'कशाच्या जागी धरणार' विचारा. आणि शेवटची किती क्रेडिट्स तिथेच पूर्ण करावी लागतात, तेही. शिष्यवृत्ती असेल तर ती दरवर्षी चालू राहायला किती गुण लागतात हे पाहून ठेवा. माझ्या गटातल्या एकाची पहिल्या वर्षानंतर थांबली आणि 'स्वस्त' पदवी त्याला एकदम महागात पडली.

एवढं पैशाचं. आता ज्याबद्दल खरं लिहायचंय ते.

दुसऱ्या सत्रात वृत्तलेखनाच्या वर्गात एक चाचणी-अहवाल दिला होता. मक्यावरचा खताचा प्रयोग, चार पानं, आकड्यांनी गच्च भरलेली. त्यावरून शेतकऱ्यासाठी तीनशे शब्दांची बातमी करायची. मी केली. भाषा चटपटीत, मथळा बरा, शुद्धलेखन अर्थात निर्दोष. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'हेक्टरी १०० किलो युरिया दिल्यास…'

कॉपी, म्हणजे मी लिहिलेली ती बातमी, परत आली तेव्हा 'युरिया' या एका शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात फक्त एक भागाकार : १०० ÷ ०.४६. खाली काही शेरा नाही. मी पाच मिनिटं त्याकडे बघत बसले. मग अहवाल पुन्हा उघडला. तिथे 'हेक्टरी १०० किलो नत्र', म्हणजे नायट्रोजन, होतं. युरियात नत्र असतं ४६ टक्के. म्हणजे शंभर किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. माझी बातमी वाचून कुणी खत टाकलं असतं, तर पिकाला निम्म्याहूनही कमी मिळालं असतं, आणि दोष गेला असता प्रयोग करणाऱ्यांना. मी नत्र खोडून युरिया का लिहिलं? कारण 'युरिया' वाचायला सोपा वाटला. मुद्रितशोधनात मी अशा शब्दांवरून तीन वर्षं नजर फिरवली होती. त्या मासिकात असे किती युरिया माझ्या हाताखालून छापून गेले असतील, हा विचार त्या रात्री काही केल्या डोक्यातून जाईना.

मॅडमना विचारलं, नुसता भागाकारच का लिहिलात? त्या म्हणाल्या, "चूक सांगितली असती तर तुम्ही दुरुस्त केली असती. आता तुम्ही शोधलीत."

या वर्गात दर आठवड्याला एक कॉपी द्यायची आणि ती खुणांसकट परत यायची. चौदा महिन्यांत माझ्या एकतीस कॉप्या परत आल्यात. सगळ्या एका फायलीत ठेवल्यात. माझ्या लेखी फीचे पैसे वसूल झाले ते तिथेच. शोधाशोध करत होते तेव्हा मी सगळं विचारलं : दर, कालावधी, सॉफ्टवेअर, नोकरीची हमी. हे एकच विचारलं नव्हतं की माझं लिखाण कोण तपासतं, किती वेळा, आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात. आमच्या वर्गात अठरा होते. दुसरीकडे शिकणाऱ्या ओळखीतल्या एका मुलीच्या वर्गात नव्वदच्या वर आहेत. तिची कॉपी 'छान प्रयत्न' एवढ्या शेऱ्यासह परत येते. तिची फी माझ्याहून कमी आहे.

हा विभाग पत्रकारितेच्या शाळेत आहे की कृषी महाविद्यालयात, याने बराच फरक पडतो. अमेरिकेत आयोवाच्या कृषी महाविद्यालयात १९०५ मध्ये कृषी पत्रकारिता शिकवायला सुरुवात झाली, विस्कॉन्सिनला १९०८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभागच निघाला. दोन्ही जागा शेतीच्या अंगणातल्या. प्रयोगक्षेत्र पलीकडेच असलं की कीटकशास्त्राच्या माणसाला जाऊन विचारता येतं. माझा अभ्यासक्रम बराचसा ऑनलाइन असूनही विभाग कृषी महाविद्यालयाचा आहे, म्हणून मृदाशास्त्र, पीकशास्त्र आणि कीडरोग हे तीन विषय सक्तीचे. सुरुवातीला मी कुरकुर केली. आता वाटतं, चार असते तर बरं.

कीडरोगाच्या वर्गातलं एक सांगते. छायाचित्राखाली ओळ लिहायची होती. अळी, मक्याचा पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं), पानाला भोकं. मी बेधडक 'अमेरिकन लष्करी अळी' लिहून मोकळी. २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात आल्यापासून या अळीचं नाव इतकं गाजलंय की मक्यावर दिसेल ती अळी तीच वाटते. सरांनी छायाचित्र मोठं करून दाखवलं : डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण कुठेय? शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात बसणारे चार ठिपके कुठेत? नव्हते. वेगळीच अळी. तेव्हापासून खात्री नसेल तर मी 'मक्यावरील अळी' एवढंच लिहिते. वाचायला फिकं वाटलं तरी चालेल.

विस्तार शिक्षणाचा, म्हणजे नवं शेतीज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा, विषय मला रटाळ वाटेल असं गृहीत धरलं होतं. तो सगळ्यात आवडता निघाला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा १९४३चा अभ्यास तिथे पहिल्यांदा वाचला. आयोवातल्या दोन गावांमधल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं की संकरित मक्याचं बियाणं कधी, कसं स्वीकारलं. १९४१पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी घेतलं होतं, पण त्याला वर्षानुवर्षं लागली. बियाण्याची पहिली खबर सर्वांत जास्त जणांना विक्रेत्याकडून मिळाली, पण मन वळवण्यात शेजारी पुढे होते. पत्रकाराला जमिनीवर आणणारी गोष्ट. आपण बातमी पोचवतो, पटवतो तो बांधापलीकडचा माणूस. त्यानंतर मी प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न घालते : हे तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या शेतात पाहिलं? उत्तर देताना माणूस खुलतो, कारण गोष्ट शेजाऱ्याची असते.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी अशी की पदवीच्या नावात पत्रकारिता असली तरी निम्म्याहून जास्त स्वाध्याय प्रसिद्धीचे आहेत. प्रसिद्धिपत्रक, माहितीपत्रक, समाजमाध्यमांवरची मोहीम. एकदा एका काल्पनिक कंपनीच्या वाणाचं पत्रक करायला दिलं. मजकुरात होतं 'उत्पादनात ४० टक्के वाढ'. मी विचारलं, कशाच्या तुलनेत? किती ठिकाणी, किती हंगाम? शिक्षक हसून म्हणाले, तो प्रश्न तुमच्या वृत्तलेखनाच्या वर्गासाठी राखून ठेवा. इतरही हसले. मला काही हसू आलं नाही. नोकऱ्या जास्त करून कंपन्या, सहकारी संस्था आणि विस्तार विभागांच्या जनसंपर्कात आहेत, त्यामुळे अभ्यासक्रम तिकडे झुकतो हे समजतं. पण तुम्हाला बातमीदारच व्हायचं असेल, तर विषयांची यादी घेऊन बसा आणि मोजा : बातमीचे किती, प्रसिद्धीचे किती.

दुसरी तक्रार इंटर्नशिपची. ती सक्तीची, सहा क्रेडिटची. क्रेडिट म्हटलं की फी आली. म्हणजे दोन महिने फुकट काम करायचं आणि त्यासाठी पैसेही आपणच भरायचे. माझ्या हिशेबाच्या वहीत हा रकाना नव्हता. नोकरदार असाल तर चालू कामाचाच काही भाग इंटर्नशिप म्हणून मान्य होतो का, ते आधी विचारा. मी उशिरा विचारलं, तरी अर्धी मान्य झाली.

व्हिडिओचा विषय सुमार. कॅमेरा विभागाकडून मिळतो, पण प्रत्यक्ष जाऊन आणावा लागतो, त्यामुळे घरून शिकणारे सगळे फोनवरच चित्रण करतात. फोनने भागतं, आवाजाने भागत नाही. शेतातल्या वाऱ्याने माझ्या पहिल्या मुलाखतीचं पार भुस्काट केलं. मायक्रोफोनला वाऱ्याची टोपी लावा, हे आम्हाला सातव्या आठवड्यात शिकवलं. ऑनलाइन चर्चेचे गुण म्हणजे निव्वळ हजेरी. एकाने लिहायचं, दोघांनी 'अगदी सहमत' म्हणायचं.

कृषी पदवी आधीच असेल तर ही दुसरी पदवी घेऊ नका, लेखनाचा एखादा चांगला छोटा अभ्यासक्रम पुरेल. कारण यातला जो भाग मला सर्वांत जड गेला, तो तुमच्याकडे आहेच. उलट माझ्यासारखं नुसतं लिहिता येत असेल तर हिचा विचार जरूर करा.

गेल्या आठवड्यातली कॉपी काल परत आली. ठिबक सिंचनावरची, साडेचारशे शब्द. एकच लाल गोल, 'एकरी' या शब्दाला. अहवाल उघडलाय, हेक्टरी आहे. पुढच्या सत्राची नोंदणी सोमवारपासून. प्रगत व्हिडिओ सोडतेय, मृदाशास्त्राचा दुसरा भाग घेतेय.