बाल्कनीत पक्षी यायला पाणी ठेवावं की दाण्याचा फीडर?

भाचीने विचारलंय की दोन्हीतलं एकच ठेवायचं तर काय, म्हणून लिहितोय.

खर्च म्हणाल तर मातीचं पसरट भांडं स्वस्त आणि वर्षानुवर्षं टिकतं, फक्त पडू द्यायचं नाही. प्लास्टिकचा फीडर उन्हात कडक होऊन तडकतो आणि त्यात सारखी बाजरी, राळे भरत राहायचा खर्च वेगळाच.

पण खरा फरक येतं कोण यात आहे. दाण्यावर चिमण्या येतात, नशीब असेल तर मुनियाही, पण शहरात पारवे आधी हजर, मग विष्ठा, शेजाऱ्यांची कुरकुर आणि खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर. पाण्यावर मात्र दाणे न खाणारेपण येतात, बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला असे पक्षी, आणि कडेला मधमाश्या. बुलबुल अंघोळ करताना बघाच एकदा, फार सुंदर दिसतं! पारवे पाण्यावरही येतात पण दाण्याइतके ठाण मांडत नाहीत.

मेहनत पाण्याला जास्त. रोज बदलायचं, भांडं घासायचं, नाहीतर आठवड्याभरात डास तयार होतात. खोली इंच-दीड इंचच ठेवा, मधे एक दगड टाका म्हणजे माशी-मुंगी बुडत नाही. फीडर रोज भरायची गरज नाही, पण पावसाळ्यात दाण्याला बुरशी लागते तेव्हा सरळ काढून ठेवा.

समोर झाडं आहेत आणि वेगवेगळे पक्षी बघायचेत तर पाणी, त्यातही मार्च ते जून नक्कीच. चिमण्या आधीपासून येतायत, पारवे कमी आहेत, खाली अंगण आहे, तर फीडर. दर शनिवार-रविवार गावाला जाणाऱ्यांनी पाण्याचं भांडं निघताना पालथं करून जावं.